पद्मिनीचा सडलेला पत्रा आणि भंगारातलं ठिगळ: कुठला पत्रा घ्यावा?

रत्नाग्रीकर | ११ जानेवारी, रात्री १०:४२

मंडळी, वडिलांची १९७८ ची पद्मिनी आहे. क्रीम रंग, गिअर स्टिअरिंगला. सहा वर्षं अंगणातल्या शेडमध्ये उभी होती. समुद्र घरापासून दीड किलोमीटरवर आहे, म्हणजे पुढची कथा तुम्हाला कळलीच असेल.

इंजिनाचं रडगाणं नाही. कार्बोरेटर धुतला, पॉइंट घासले, नवी बॅटरी लावली आणि तिसऱ्या सेल्फला ती खोकून उठली. प्रश्न अंगाचा आहे. डाव्या बाजूचा दाराखालचा उंबरा, ज्याला इथे सगळे रनिंग बोर्ड म्हणतात, त्याला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला. ड्रायव्हरच्या पायाखाली नमद्याखालचा पत्रा पापडासारखा सुटतोय. डिकीत स्टेपनीखाली दोन भोकं, त्यातून खालची फरशी दिसते. मागच्या उजव्या चाकाच्या कमानीला मात्र फक्त फुगवटा होता.

तो फुगवटा परवा खरवडला. वर रंग, खाली बोटभर जाड लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी), त्याखाली आणखी एक रंग, आणि त्याच्याही खाली तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याचा पत्रा! पिवळ्यावर हिरवी अक्षरं, उलटी लावलेली. 'शुद्ध' एवढं वाचता आलं. चार पॉप रिव्हेटवर तीस वर्षं तरली होती ही शुद्धता. मी शाळेत असताना बाबांनी गाडी डेंटिंगला दिलेली आठवते. परत आली तेव्हा बाबा आठवडाभर खूश होते.

इथल्या एका गॅरेजने सांगितलं, "फायबर मारून देतो, बघायलाच नको." दुसऱ्याने घराच्या छपराचा उरलेला जीआय पत्रा रिव्हेट मारून बसवायचं सुचवलं. मला ते तेलाच्या डब्याचंच नवं रूप वाटतंय. घरी एक जुनं स्टीलचं कपाट आहे, त्याची दारं सपाट आणि शाबूत आहेत. शिवाय एक २०० लिटरचं रिकामं बॅरल आणि बंद फ्रिज. यातलं काय चालेल? वेल्डिंग मी शिकतोय. चुलतभावाचं मिग मशीन मिळालंय, तार आपोआप पुढे सरकते ते वेल्डिंगचं.

कुर्ला_पश्चिम | ११ जानेवारी, रात्री ११:२०

कपाट-बिपाट नंतर. आधी पद्मिनीचाच पत्रा शोधा.

३० ऑक्टोबर २०२३ नंतर मुंबईत एकही काळी-पिवळी पद्मिनी राहिली नाही. पण त्याआधीची दहा-पंधरा वर्षं त्या भंगारात जातच होत्या, आणि त्यांचे कापलेले भाग अजून कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर पडलेले असतात. आमच्या कुर्ल्यात सीएसटी रोडला चौकशी करा. ही गाडी आमच्या कुर्ल्यातच जन्मली, प्रीमियरच्या कारखान्यात, तेव्हा माहेरी विचारल्यासारखं होईल.

टॅक्सीचा उंबरा किंवा फ्लोअर फुकट दिला तरी घेऊ नका, तो तुमच्यापेक्षा सडका असणार. छप्पर घ्या. छपरावर पाणी थांबत नाही, चिखल उडत नाही. गटरच्या कडा आणि कॅरिअरची भोकं सोडली तर मधला अख्खा पत्रा कोरा निघतो, आणि जाडी आणि नरमपणा तुमच्या गाडीचाच. डिकीचं झाकणही चालतं, मात्र खालची कड बघून घ्या.

नळस्टॉप | १२ जानेवारी, सकाळी ७:०५

जरा इतिहास. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली, पुढे ती प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. अंग तेच. त्यामुळे धागाकर्त्यांनी जुन्या डिलाइटचा पत्राही शोधावा. त्याच्या आधीची डुक्कर फियाट मात्र वेगळी, तिचा पत्रा कमानीला जुळणार नाही.

आता माझी शंका. जीआय पत्र्याला एवढं वाईट का म्हणता? त्यावर जस्ताचा थर असतो, तो गंजत नाही. कोकणात तर तोच योग्य. तर्काने बघा.

उद्यमनगरचा | १२ जानेवारी, सकाळी ९:३३

नळस्टॉप साहेब, तर्कानं पत्रा वाकत नाही.

वडील कोल्हापुरात उद्यमनगरला चाळीस वर्षं डेंटर होते. मीही हातोडी-डॉलीवरच मोठा झालोय. भंगारातला पत्रा कसा निवडायचा ते सांगतो, ऐकून घ्या.

पहिलं, रंग खरवडून कोऱ्या जागी व्हर्निअर लावा. रंगावरनं मोजला की फसला. २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर, २२ गेज ०.७, १८ गेज १.२. बाहेरच्या अंगाला २० चालवा. उंबऱ्याचा आतला भाग आणि जॅक लावायची जागा १८ गेजपेक्षा पातळ नको.

दुसरं, वाकवून बघा. दोन बोटं रुंद पट्टी कापा, पक्कडीत धरून काटकोनात वाकवा, सरळ करा, परत वाकवा. मऊ सीआर, म्हणजे थंड लाटलेला पत्रा पाच-सहा वेळा सहन करतो. पहिल्या-दुसऱ्या वाकीला तडा गेला तर तो तुमच्या कामाचा नाही. आणि वाकवल्यावर स्प्रिंगसारखा माघारी येत असेल तरी नको. आजकालच्या गाड्यांचे काही पत्रे असे ताठ असतात. कमानीचा गोलवा त्यांना हातोडीनं येता येत नाही, जीव जातो.

कपाटाचं दार एक नंबर. मऊ असतंय, सपाट असतंय. फ्लोअरला बिनधास्त वापरा, फक्त मोजून. कपाटात २२ गेजही सापडतो, तो फ्लोअरला पातळ पडेल.

बॅरल १८ गेजचं असेल तर उंबऱ्याला छान. पण भावा, बॅरलला ग्राइंडर लावायच्या आधी त्यात काय होतं ते कळल्याशिवाय हात लावू नको. रिकामं बॅरल म्हणजे आत वाफ. बूच काढलं, पाण्यानं धुतलं, एवढ्यानं भागत नाही. आमच्या शेजारच्या शेडमध्ये झाकण छताला लागलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. पेट्रोल-थिनरचं असेल तर सरळ सोडून द्यायचं.

फ्रिजचा पत्रा पातळ. तो राहू दे, त्याच्यात पेरूची कलमं लावा.

शिल्पनिदेशक_बाई | १२ जानेवारी, दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेड शिकवते.

नळस्टॉप, तुमचा प्रश्न रास्त आहे, दरवर्षी एक तरी मुलगा विचारतो. जस्त साधारण ९०७ अंशांना उकळतं. पोलाद वितळायला १५०० च्या आसपास जावं लागतं. म्हणजे जोड बसायच्या कितीतरी आधी जस्ताचा धूर झालेला असतो. जोडाच्या दोन्ही बाजूंना बोटभर पट्टा उघडा पडतो आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो. ज्या गुणासाठी तो पत्रा घेतला, तो गुण जोडाच्या जागीच संपला. शिवाय अडकलेल्या वाफेने बीडमध्ये, म्हणजे वेल्डच्या रेघेत, बारीक भोकं पडतात.

तो पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. वर्कशॉपमध्ये यावर गूळ आणि दूध देतात. गूळ गोड लागतो, बाकी उपयोग शून्य. जीआय वापरायचाच झाला तर जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त आधी घासून काढायचं, आणि काम उघड्यावर, वारा पाठीकडून घेऊन. रिव्हेट मारून जीआय ठेवलात तर धुराचा प्रश्न नाही, पण मग दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी कायमचं राहायला येतं.

रत्नाग्रीकर, मिगची तार ०.८ आहे का? ०.६ मिळाली तर बघा, पातळ पत्र्याला सोपी जाते. ४० ते ६० अँपिअरमध्ये कपाटाच्या तुकड्यांवर आधी सराव करा. सलग बीड ओढायचीच नाही. एक टॅक (वेल्डचा ठिपका) इथे, दुसरा समोरच्या कडेला, तिसरा कोपऱ्यात. हात लावता येईल इतकं थंड झाल्यावर मधल्या जागा. घाई केलीत की पत्रा पोट काढतो आणि मग दाबला की डब्यासारखा टणकन आत-बाहेर होतो. भोक पडलंच तर मागून तांब्याची पट्टी धरा, पाइप ठोकून चपटा केलेला चालतो. तांब्याला वेल्ड चिकटत नाही.

आणि ठिगळाचे कोपरे गोल कापा. टोकदार कोपरा आधी जळतो.

नळस्टॉप | १२ जानेवारी, दुपारी २:४०

मान्य. तर्कात जस्ताचा उत्कलनबिंदू धरला नव्हता.

लीड्सकर | १२ जानेवारी, रात्री ११:५८

इंग्लंडातून. माझ्याकडे १९६७ ची मॉरिस मायनर आहे. तीही पावसाचीच शिकार, वर हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. म्हणजे तुमचा समुद्र आमच्याकडे लॉरीतून येतो.

इथल्या वार्षिक तपासणीत एक गोष्ट मला फार पटली आहे. सीटबेल्ट, सस्पेन्शन, स्टिअरिंग जिथे बॉडीला बांधलेलं असतं, त्याच्या ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा सडून कमजोर झालेला असेल तर गाडी नापास. आणि त्या टप्प्यात ठिगळ लावलंत तर कडेने सलग वेल्ड हवा. रिव्हेट, लांबी, फायबर चालत नाही. चाळीस वर्षांवरच्या माझ्यासारख्या गाड्यांना आता या तपासणीतून सूट आहे, तरी मी टेप घेऊन ते ३० सेंटिमीटर मोजतोच.

पद्मिनीला वेगळी चॅसिस नाही, अंग हाच सांगाडा. म्हणजे तुमचा उंबरा हा शोभेचा भाग नाही, तो तुळई आहे. तिथे फायबर मारून देणाऱ्याला नमस्कार करा आणि निघा.

रत्नाग्रीकर | २ फेब्रुवारी, रात्री ९:१०

सगळ्यांचे आभार. तीन आठवडे झाले, हिशोब देतो.

कुर्ल्याहून छप्पर मिळालं. ओळखीतल्या एकाच्या टेम्पोतून, आंब्याच्या रिकाम्या पेट्यांवर आडवं टाकून आलं. वर पिवळा रंग, त्याखाली जुना पिवळा, त्याखाली रेड ऑक्साइड आणि मग असा काही चकचकीत पत्रा की मी दोन मिनिटं नुसता बघत बसलो. मोजला, ०.९ भरला. माझ्या बॉनेटचाही तेवढाच. पट्टी सहा वेळा वाकवली, सातव्याला तुटली.

चाकाच्या कमानीपासून सुरुवात केली. लहान काम, हात बसेल म्हणून. पुठ्ठ्याचा साचा करायला लग्नपत्रिका उपयोगी पडतात, जाड असतात आणि घरात कधी संपत नाहीत. साचा केला, पत्रा कापला, वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोडीने ठोकत गोलवा आणला. पहिला तुकडा बशीसारखा झाला. दुसरा बरा. तिसरा बसला.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. तेलाच्या डब्याएवढं, म्हणजे तळहाताएवढं भोक आहे असं धरून चाललो होतो. कडेला टॅक मारला की कडच वितळून गायब. थोडं मागे कापलं, पुन्हा गायब. असं करत शेवटी भोक ताटाएवढं झालं. पत्रा वरून चांगला दिसतो, पण आतल्या बाजूने गंजाने खाऊन कागद केलाय. आता प्रश्न असा की कापत कुठवर जायचं?

आणि कड घासताना एका जागी पिवळी चमक दिसली. पितळ?

उद्यमनगरचा | २ फेब्रुवारी, रात्री ९:५५

पितळच. कुणीतरी जुन्या काळी ब्रेझिंग केलंय, म्हणजे पितळ वितळवून जोड दिलाय. ते पूर्ण कापून टाक. पितळावर मिग मारली की वेल्ड तडकतो, कितीही घासलंस तरी.

कुठवर कापायचं ते कानानं ठरवायचं. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं भोकाच्या कडेपासून बाहेर बाहेर ठोकत जा. सडक्या पत्र्याचा आवाज 'थप्प' येतो. टण्ण वाजला की तिथनं पुढं आणखी बोटभर जा आणि तिथं रेघ मार. वडील डोळे मिटून ठोकायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "एवढं कशाला कापता मिस्त्री, भोक तर एवढंसंच आहे." वडील म्हणायचे, "भोक तुमचं, कड माझी."

ठिगळ कधी फाटत नाही बघ. ठिगळाशेजारचं जुनं फाटतं. तुझ्या तेलाच्या डब्यालाही काय झालं नव्हतं ना?

रत्नाग्रीकर | २ फेब्रुवारी, रात्री १०:०८

नाही हो. डबा ठणठणीत होता. कथलाची झिलईसुद्धा शाबूत.

शिल्पनिदेशक_बाई | ३ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

उंबऱ्याला हात लावण्याआधी: गाडी चारही बाजूंनी समपातळीवर स्टँडवर घ्या. दाराच्या चौकटीत आडवा-तिरका अँगल टॅक करा. सगळ्या दारांच्या फटी मोजून भिंतीवर लिहून ठेवा. उंबरा सगळा एकदम काढू नका, अर्धा बदला, मग अर्धा. हे न केल्यास मधला खांब हलतो आणि नव्या उंबऱ्यावर दार लागत नाही.

पेट्रोलची टाकी काढली आहे ना? बॅटरीची वायर?

रत्नाग्रीकर | १६ फेब्रुवारी, रात्री ११:३०

टाकी काढली होती, बॅटरीही. नमदा मात्र काढला नव्हता.

फ्लोअरला खालून टॅक मारत होतो. वर सीटमागे नमद्याचा एक तुकडा चिकटलेला राहिला होता, बाबांच्या काळचा, जळकं ऑइल पिऊन बसलेला. धूर आला तेव्हा वाटलं वेल्डिंगचाच. मुलगा ओरडला म्हणून बाहेर आलो तर आत ज्वाळा. शेजारी पाण्याची बादली होती म्हणून निभावलं. मागच्या सीटचा काथ्या अर्धा जळाला, एक काच तडकली, माझ्या भुवया गेल्या. काही लपवत नाही, पुढच्याने शिकावं.

कुर्ला_पश्चिम | १६ फेब्रुवारी, रात्री ११:४१

भुवया येतील. काच मी बघतो.

उंबऱ्यात जळकं ऑइल ओतायची पद्धत आपल्याकडे फार होती. गंज थांबतो थोडा, पण पुढे कधी वेल्डिंग करायचं झालं की असा हिशोब चुकता होतो. इथून पुढे एक माणूस फक्त आत बघायला उभा करा, हातात बादली घेऊन.

नळस्टॉप | १७ फेब्रुवारी, सकाळी ७:१२

काळजी घ्या. एक कागदोपत्री मुद्दा, तोही वेळेवर सांगितलेला बरा. बॉडीवर जिथे चॅसिस नंबर ठोकलेला आहे त्या पत्र्याला ग्राइंडर लावू नका. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि तपासणीत तो नंबर बघतात. आणि छप्पर कुणाकडून घेतलंत त्याची साधी पावती जपून ठेवा.

दुसरं, २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो. तुमची १९७८ ची, म्हणजे २०२८ मध्ये पात्र. पण त्यात अट अशी की चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. सडलेल्या जागी त्याच आकाराचा पत्रा बसवणं म्हणजे दुरुस्ती, असं माझं मत. तरी आत्ताच आधीचे, मधले आणि नंतरचे फोटो तारखेसह काढून ठेवा.

लीड्सकर | १७ फेब्रुवारी, दुपारी ३:०४

फोटोंना अनुमोदन. उलट्या अक्षरांच्या तेलाच्या डब्याचाही काढा. तो तुकडा टाकला नसेल अशी आशा.

रत्नाग्रीकर | २० एप्रिल, रात्री १०:१५

टाकला नाही. शेडच्या खिळ्याला लटकवलाय.

उंबरा झाला. आतली पट्टी बॅरलची नाही, त्यात काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही म्हणून सोडलं. १८ गेजचा पत्रा एका ट्रॉली बनवणाऱ्याकडच्या कापट्यांतून किलोवर घेतला. बाहेरचा भाग टॅक्सीच्या छपराचा. फ्लोअर कपाटाच्या दाराचं, कपाट २० गेज निघालं. त्यावर आरसा लावायची दोन भोकं होती, ती भरली, एक जागा अजून पायाला कळते. डिकीलाही कपाटच.

सगळीकडे कडेला कड लावून जोडलंय, पत्र्यावर पत्रा चढवलेला नाही. मिलिमीटरभर फट ठेवायची हे हाताला यायला महिना गेला. दार मिटवलं तर पहिल्या झटक्यात लागलं नाही. भिंतीवरचे आकडे काढून बघितले, मागची फट ३ मिलिमीटरने कमी. बिजागरीचे स्क्रू सैल करून दार सरकवलं, आता लागतं. आवाज जुनाच.

रंगाचं विचारायचं राहिलं. इथला पेंटर म्हणतो रेड ऑक्साइड मारा आणि लांबी लावा.

उद्यमनगरचा | २० एप्रिल, रात्री १०:५०

फक्त रेड ऑक्साइडवर कोकणात भरवसा ठेवू नको. आधी इपॉक्सी प्रायमर, दोन्ही बाजूंनी, जिथं हात पोचतो तिथं. मग सांध्यांना सीलर. मग लांबी, ती पण नखाएवढी. लांबी पाणी पिते, उघड्या पत्र्यावर लावलीस की खालून गंज पाळतोस. उंबऱ्याच्या आत शेवटी मेण फवारायचं, वेल्डिंगचं सगळं काम संपल्यावर. आणि दारांच्या नि उंबऱ्याच्या खाली पाणी निथळायची भोकं असतात, पेंटरला ती बुजवू देऊ नको. पेंटर लोकांना भोक दिसलं की हात शिवशिवतात.

रत्नाग्रीकर | २८ जून, संध्याकाळी ६:२०

पंधरा दिवस धो धो चालू आहे. आज नमदा उचलून फ्लोअरवर वर्तमानपत्र पसरलं आणि गाडी भाट्याच्या पुलावरून फिरवून आणली. कागद कोरडा. डिकीतला एका कोपऱ्यात ओला झाला, पण ते पाणी रबराच्या बीडिंगमधून वरून येतंय, खालून नाही.

कमानीजवळ रंगाची छटा जरा वेगळी दिसते. बाबांना खुर्ची टाकून अंगणात बसवलं होतं, त्यांनी तेवढंच दाखवलं.

टॅक्सीच्या छपराचा तुकडा उरलाय, साधारण दोन फूट बाय दीड, कॅरिअरचं एक भोक सोडून कोरा. कुणाला हवा असेल तर रत्नागिरीतून घेऊन जा, ज्या भावाने आला त्याच भावाने देतो. जाडी मोजून घ्यायला व्हर्निअर माझ्याकडे आहे.

कुर्ला_पश्चिम | २८ जून, संध्याकाळी ६:३३

माझा. बॉनेटला लागणार आहे. गणपतीला येतो तेव्हा नेतो.